वाचल्यात जमा

परवा नातू आला होता. यंदा नववीत गेलाय. आल्या आल्या त्यानं माझा फोन हातात घेतला आणि ओरडलाच, "आजी, ३८६ मेसेज न वाचलेले! कसं चालतं गं तुला?"

मी म्हटलं, चालतं बाबा. पण त्याला काही चालेना. फोन घेऊन तो दिवाणावर पसरला आणि दहा मिनिटांत परत आणून दिला. अंगण झाडून सडा टाकावा तसा पडदा स्वच्छ. एकही हिरवा आकडा शिल्लक नाही.

"वाचलंस सगळं?" मी विचारलं.

"नाही गं. एकेक उघडायचं आणि बाहेर पडायचं. वाचल्यात जमा होतं."

वाचल्यात जमा! चौतीस वर्षं मराठी शिकवलं, पण हा शब्दप्रयोग मला सुचला नसता. मेल्यात जमा, गेल्यात जमा हे आपण म्हणतोच. त्यांच्याच पंक्तीला हा नवा. आणि अर्थही तसाच. प्रत्यक्षात न झालेली गोष्ट हिशेबापुरती झाली असं धरून चालायचं.

मला त्याच्यावर रागावता येईना. त्या ३८६ पैकी साडेतीनशे तरी सुप्रभात, गुलाबाची फुलं, गुरुवारचे गजानन महाराज आणि कुठल्या तरी पाल्याच्या रसाने मधुमेह बरा होतो असल्या जातीचे होते. ते गेले तर बरंच झालं. पण त्यात एक निरोप मी मुद्दाम न उघडता ठेवला होता. अकोल्याच्या ताईचा. पूर्वी आंतरदेशीय पत्र हाती आलं की काही पत्रं आपण लगेच फोडत नसू, दुपारचं सगळं आवरून, चष्मा पुसून, मग सावकाश कडेनं फाडत असू. तसा तो ठेवला होता. वरच्या दोन ओळी नुसत्या दिसत होत्या, त्यावरून विषय कळला होता. बाबांच्या शेताचा.

नातू दुसऱ्या दिवशी गेला. मीही ते विसरले, आकडा नाही म्हणजे आठवणही नाही. आणि आठव्या दिवशी ताईचा फोन आला.

"वाचलं नं तू? निळं झालं न आठ दिवसांपासून. तू काई बोलली नाही, मंग मी सांगून देलं त्याले, तिले चालते म्हणून."

"त्याले" म्हणजे आमच्या पुतण्याला. भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला. अकोला तालुक्यातलं बाबांचं तीन एकर शेत आता पुतण्या वाहतो. आम्हा दोघी बहिणींनी हक्कसोड करून द्यावं असं त्याचं म्हणणं, आणि त्या कागदाचा मसुदा फोटो काढून ताईनं पाठवला होता. मी तो वाचला नव्हता. उघडलासुद्धा नव्हता. पण निळं झालं, म्हणून वाचलं. वाचलं आणि बोलले नाही, म्हणून चालतंय. दोन पायऱ्यांमध्ये माझी संमतीही होऊन गेली आणि मी इथं अमरावतीत वांग्याची भाजी चिरत बसलेली!

आता हक्कसोड काही निळ्या खुणेनं होत नाही, त्याला नोंदणी लागते, मी स्वतः सही करावी लागते, हे मला माहीत आहे. तसं नुकसान काही झालं नाही. पण त्या फोननं मला एक जुनी गोष्ट आठवली, जी मी आजवर कुणाला फारशी सांगितलेली नाही. आज सांगते. 

तुमच्यापैकी जे शाळेत नोकरीला होते त्यांना सूचनावही आठवत असेल. लांबट, जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. मुख्याध्यापक त्यात सूचना लिहीत, खाली सगळ्या शिक्षकांची नावं ओळीनं, आणि नावापुढे 'वाचले' म्हणून सही करायची. शिपाई ती वही घेऊन वर्गावर्गांतून फिरे. आपण फळ्यावर वाक्यपृथक्करण लिहीत असायचं, पन्नास पोरं मान वर करून बसलेली, आणि हा दारात.

"बाई, मारा सही लवकर. अजून चार वर्ग राह्यले."

मग एका हातात खडू, दुसऱ्या हातात वही, आणि सही. वाचलं काय, तर पहिला शब्द आणि शेवटचा. बहुतेक सूचना ठरावीकच असत. उद्या प्रार्थनेला वेळेवर यावे. हजेरीपट पूर्ण करावेत. त्यामुळे चालून जायचं. ऑफिसात गेलं की विचारून घ्यायचं, कशाची होती हो सूचना?

१९८६ साली मी अकोल्याजवळच्या एका गावातल्या शाळेत सातवीची वर्गशिक्षिका होते. सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा तेव्हा मोठी गोष्ट होती. मधल्या काळात ती परीक्षा पाचवी-आठवीला नेली होती, पण आमच्या नोकरीभर ती चौथी आणि सातवीलाच. रक्कम थोडीच असे, पण मोलमजुरी करणाऱ्या घरात त्या रकमेवर मुलीची शाळा टिकायची. पोरीला सरकार पैसे देतं म्हटल्यावर बापही तिला निंदणाला पाठवताना दोनदा विचार करायचा.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. गणितात हुशार. नुसती हुशार नाही, उत्तर आलं की ते बरोबर आहे का हे स्वतः उलटं करून पाहणारी. तिचा अर्ज भरायचा होता, फक्त जातीच्या दाखल्याचा एक कागद राहिला होता. त्याला अजून वेळ आहे अशी माझी समजूत. आणि एक दिवस वही आली. मी तास थांबवला नाही. सही केली. त्या सूचनेत लिहिलं होतं की अर्ज शनिवारपर्यंत ऑफिसात द्यावेत, त्यानंतर स्वीकारले जाणार नाहीत.

सोमवारी मी अर्ज घेऊन गेले. लेखनिकानं काही न बोलता सूचनावही पुढे केली. माझीच सही. वाचले.

मुलीचे वडील आले तेव्हा मी काय सांगितलं? "मुदत गेली हो." एवढंच. मुदत जणू आपल्या पायांनी निघून गेली होती. ते म्हणाले, "बरं बाई. पुढच्या साली भरू न जी मंग." सातवीची परीक्षा पुढच्या साली नसते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. ते मी सांगितलं की नाही? सांगितलं. पण चूक माझी आहे, मी न वाचता सही केली, हे नाही सांगितलं. त्या मुलीलाही नाही. तिनं विचारलंही नाही कधी.

तिचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. चांगलंच झालं असेल, अशी मनाची समजूत मी घालत नाही. तेवढी तरी शिक्षा स्वतःला असू दे.

त्या आठवड्यापासून मी वहीत दोन सह्या करायला लागले. वही दारात आली की नावापुढे 'पाहिले' लिहून सही. मधल्या सुट्टीत ऑफिसात जाऊन, बसून, पुन्हा वाचून मग 'वाचले' लिहून दुसरी सही. मुख्याध्यापक वैतागले. म्हणाले, बाई, रकाना एकच आहे, तुम्ही वही घाण करता. काही सहकारी हसले. पण मी ते निवृत्तीपर्यंत, म्हणजे २००९ पर्यंत सोडलं नाही. अमरावतीला बदलून आले तेव्हा नव्या शाळेच्या वहीतही तसंच. 

पाहणं आणि वाचणं यांत फरक आहे हे मला १९८६ साली एका पोरीच्या किमतीवर कळलं. तो फरक आज फोनला कळत नाही, म्हणून हा लेख.

शिक्षक असल्यामुळे मला हे खरं तर आधीच कळायला हवं होतं. नवा शिक्षक वर्गात धडा संपवून विचारतो, "समजलं का?" वर्ग एका सुरात म्हणतो, "होऽऽऽ!" तो 'हो' म्हणजे समजल्याची पावती नसतेच. तो 'सोडा आता' असा अर्ज असतो. जुना शिक्षक 'समजलं का' विचारत नाही. तो शेवटच्या बाकावरच्याला उठवतो आणि म्हणतो, तुझ्या शब्दांत सांग बरं. तिथं खरी गोष्ट बाहेर येते. फोनवरची निळी खूण म्हणजे पन्नास पोरांचा तो 'होऽऽऽ' आहे. निरोप डोळ्यांपुढून गेला, इतकीच तिला खात्री. डोळे कुणाचे होते हेही तिला माहीत नाही. माझ्या बाबतीत ते नातवाचे होते.

आपल्या भाषेत यासाठी किती नेमका शब्द आहे पाहा. पोच. पत्राची पोच द्यावी असं आपण लिहीत होतो. रजिस्टर पत्राबरोबर पोचपावतीचं कार्ड जायचं, घेणाऱ्याची सही होऊन परत यायचं. (ती रजिस्टर पोस्टाची वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली.) त्या पावतीचं नाव पोचपावती होतं, वाचनपावती नव्हतं. पत्र हाती पोचलं, एवढाच तिचा दावा. पुढचं घेणाऱ्यावर सोडलेलं. आणि याच पोच शब्दाचा दुसरा अर्थ? "त्याला काही पोच नाही" म्हणतो आपण, म्हणजे समज नाही, कधी काय करावं हे कळत नाही. पत्र पोचणं आणि माणसाला पोच असणं, दोन्ही एका शब्दात! निळ्या खुणेत यातला पहिला अर्थ आहे. दुसरा नाही.

आणि एक सांगते. लहानपणी घरी कुणाच्या निधनाचं कार्ड आलं की आई ते वाचून लगेच फाडून टाकायची. तसं कार्ड घरात ठेवायचं नाही अशी रीत. तिथं वाचल्याची खूण म्हणजे ते फाडणं. पण आई ते दोनदा वाचायची, दारातच उभी राहून, मगच फाडायची. एकदा फाडलं की परत पाहता येणार नाही हे तिला माहीत होतं ना! 

कुणी म्हणेल, बाई, प्रत्येकानं खरोखर वाचलं की नाही हे बघत बसलं तर जगाचं काम चालायचं कसं? कुठे तरी 'वाचल्यात जमा' धरावंच लागतं. बरोबर आहे. आणि आपला कायदा ते धरतोच. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंडांच्या कायद्यात कलम २७ आहे. योग्य पत्ता लिहून, तिकीट लावून, रजिस्टर पोस्टानं कागद पाठवला की उलट सिद्ध होईपर्यंत तो बजावला गेला असं मानायचं. नाही तर प्रत्येक जण म्हणेल, मला मिळालाच नाही.

याहून जवळचं उदाहरण म्हणजे आमच्या गावाकडची चावडी. शेताच्या मालकीत बदल व्हायचा असला, कुणी वारलं, कुणी विकलं, कुणी हक्क सोडला, की तलाठी फेरफाराची नोंद घेतो. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे त्या नोंदीची प्रत चावडीवर लावायची आणि ज्यांचा संबंध त्यांना लेखी कळवायचं. पंधरा दिवस वाट पाहायची. कुणाची हरकत आली नाही तर नोंद मंजूर. आता तर चावडीही फोनवर आली आहे. महसूल खात्याच्या 'आपली चावडी' या पानावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की फेरफाराच्या नोटिसा दिसतात. ताईच्या फोननंतर मी स्वतः आमच्या गावचं पान उघडून पाहिलं. आमच्या शेताचं त्यात काही नव्हतं. पण इतर कितीतरी होतं, आणि ज्यांच्या बहिणी सुरतेला, पुण्याला नांदतात त्यांनी हे पाहिलं असेल का असं मनात आलं.

तरीसुद्धा मी म्हणेन, चावडी फोनपेक्षा शहाणी आहे. तीन कारणं. एक, ती पंधरा दिवस थांबते. क्षणात निळी होत नाही. दोन, ती नुसतं फळ्यावर लावून मोकळी होत नाही, संबंधितांना वेगळं कळवायचं बंधन कायद्यानं घातलंय. तीन, मंजूर झाल्यावरही अपिलाची वाट ठेवली आहे. म्हणजे कायदा मनातल्या मनात कबूल करतो की आपण 'वाचल्यात जमा' धरतोय, खरं वाचलं असेलच असं नाही. फोनला ही शंकाच येत नाही.

अकोल्याला माझा एक भाचा आहे, संगणकात मुरलेला. त्याला मी हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, मावशी, हा प्रश्न संगणकाच्या जगातही फार जुना आहे. १९७८ च्या फेब्रुवारीत शिकागोला दोघा जणांनी, वॉर्ड ख्रिस्तेन्सन आणि रॅंडी स्यूस यांनी, संगणकावर पहिला सूचनाफलक केला. लोक घरून फोन लावायचे, निरोप वाचायचे, आपला लिहून ठेवायचे. टेलिफोनची लाइन एकच, त्यामुळे एका वेळी एकच माणूस फळ्यापुढे उभा राहू शकायचा! थोड्याच वर्षांत असे फळे गावोगाव झाले, युजनेट नावाचं मोठं जाळं झालं, रोज ढिगानं निरोप यायला लागले. मग प्रश्न आला, मी कुठपर्यंत वाचलं हे लक्षात कसं ठेवायचं? युजनेटवर त्यासाठी वाचणाऱ्याच्या बाजूला एक छोटी फाइल असायची. त्यात आकडे. एक ते पंधराशे वाचले, मधला अमुक एक राहिला, पुढचे दहा वाचले. फार साचलं तर 'सगळे वाचले असं समज' अशी आज्ञाही होती. म्हणजे आमच्या नातवाचा उद्योग काही नवा नाही.

पण त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. ती यादी वाचणाऱ्याची होती. लिहिणाऱ्याला ती दिसत नसे. पुस्तकात आपण मोरपीस नाही तर एसटीचं तिकीट घालून ठेवतो, तशी ती होती. ती आपल्यासाठी. उद्या परत इथून सुरू करायचं म्हणून. लेखकाला कळवण्यासाठी नव्हे. न वाचलेलं वाचल्यात जमा केलं तरी फसवणूक फक्त स्वतःची.

वॉट्सॅपवर २०१४ च्या नोव्हेंबरात निळ्या खुणा आल्या, तिथं मोरपिसाची सूचनावही झाली. माझी खूण माझी राहिली नाही, ती पाठवणाऱ्याच्या हातातली सही झाली. आणि सहीसुद्धा अशी, की मी केलेलीच नाही. ती खूण बंद ठेवायची सोय आहे, भाच्यानं लावून दिली. पण गटांमध्ये ती सोय लागू होत नाही, तिथं कुणी वाचलं याची यादी दिसतेच. वाचलेला निरोप परत न वाचलेला म्हणून ठेवता येतो, पण समोरच्याकडचा निळा रंग काही परत जात नाही. वहीतली सही खोडता येत नाही, तसंच.

आता शाळांमध्ये सूचनावह्या मागे पडल्या. पालकांचे गट आहेत, शिक्षकांचे गट आहेत, अंगणवाडीताईंचे आहेत, सोसायटीचे आहेत. शाळा म्हणते, गटावर टाकलं होतं, तुम्ही पाहिलंय, इथं दिसतंय. आई म्हणते, फोन बाबांकडे असतो. बाबा म्हणतात, मी टाइल्सच्या कामावर होतो, पोरानं गेम खेळायला घेतला होता. आणि अर्जाची मुदत शनिवारीच असते. १९८६ ची ती मुलगी आजही कुठल्या तरी गटात आहे, एवढंच मला म्हणायचंय.

२०२३ साली सगळ्यांच्या फोनवर एकदम भोंगा वाजला होता, आठवतं? आपत्तीचा इशारा देण्याच्या नव्या व्यवस्थेची चाचणी होती. आमच्या गल्लीत धावपळ. अर्ध्या लोकांनी आवाज बंद करायला बटण दाबलं आणि मग बाहेर येऊन एकमेकांना विचारत बसले, काय झालं? भूकंप आला का? त्या निरोपातच लिहिलं होतं की ही चाचणी आहे, तुम्हाला काही करायचं नाही. यंत्राच्या हिशेबी निरोप पोचला होता, बटणही दाबलं गेलं होतं. वाचला मात्र कुणीच नव्हता. उद्या खरंच पूर्णेला पूर आला तर?

टीका करून सोडून देणं माझ्या स्वभावात नाही, मास्तरकी आडवी येते. म्हणून मला जे वाटतं ते सांगते, बघा पटतंय का.

पाठवणाऱ्यानं निळ्या खुणेला पोच समजू नये, उत्तर तर मुळीच समजू नये. काम महत्त्वाचं असेल तर उलट काही तरी मागावं. "मुदत कोणत्या वारी संपते, ते लिहून पाठवा" एवढं जरी म्हटलं तरी वाचलेला आणि न वाचलेला वेगळा होतो. शेवटच्या बाकावरच्याला उठवायचंच ते. आणि ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांना फोन करावा. पन्नासांत पाचच निघतील. 

वाचणाऱ्यानं आपली खूण आपल्या ताब्यात ठेवावी. नुसतं नजरेखालून गेलं असेल तर सरळ लिहावं, 'पाहिलं, रात्री वाचून सांगते.' यात कमीपणा नाही. मी हे आता सगळ्यांना लिहिते. सुरुवातीला लोकांना विचित्र वाटलं. आता आमच्या निवृत्त शिक्षकांच्या गटात आणखी दोघी तसं लिहायला लागल्या आहेत.

आणि तिसरं, त्या फुलांचं. एका गरजेच्या निरोपावर चाळीस गुलाब टाकणारे आपणच असतो. वाचायला माणसाकडे दिवसाला ठरावीकच डोळे आहेत. ते गुलाबांनी भरून टाकले की कागद खाली जातो. मी फुलं पाठवणं बंद केलंय. ज्यांना वाईट वाटलं त्यांना फोन करून विचारते, कसे आहात?

आणि काही गोष्टी न वाचलेल्या ठेवायचाही माणसाला हक्क आहे. आळसानं नव्हे, नीट वाचायच्या म्हणून. त्या ३८६ मधला एक आकडा माझं उरलेलं काम होता, कचरा नव्हता.

ताईचा फोन झाला त्याच्या चौथ्या दिवशी मी सकाळची एसटी धरली आणि मूर्तिजापूरवरून अकोल्याला गेले. ताईचे डोळे आता अधू झालेत, तिनं तो मसुदा मला मोठ्यानं वाचायला लावला. दोघी ओसरीवर बसलो. मी एकेक ओळ वाचायची, ती म्हणायची, थांब, परत वाच. दुसऱ्या पानावर आम्हाला कळलं की तीन एकरांबरोबर विहिरीचा आणि आंब्याच्या धुऱ्याचाही हक्क आम्ही सोडतोय. तो आंबा आईनं लावलेला.

"हे तं मले मालूमच नव्हतं," ताई म्हणाली.

"तू पाठवलास ना हा कागद?"

"पाठवला. वाचला कुठी होता?"

दोघी हसलो. मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. 

पुतण्या संध्याकाळी आला. मी त्याला सांगितलं, वाचलंय, आता विचार करते. सही होईलही, नाहीही. २००५ च्या कायद्यानं मुलींना मुलांबरोबरीचा हक्क दिला, पण आमच्याकडे बहिणीनं साडीचोळी घेऊन सही करायची हीच रीत आहे, आणि शेत वाहतो तो, हेही खरं आहे. ते ठरवायला वेळ लागेल. तो म्हणाला, "आत्या, मले वाटलं तू वाचलं, अन् तुले चालते." त्यात त्याची चूक नव्हती. निळं झालं होतं.

परतीच्या गाडीत फोन काढला आणि ताईचा तो निरोप परत न वाचलेला करून ठेवला. त्याच्यापुढे हिरवा ठिपका आला. तो तिथंच आहे. अजून माझं ठरलेलं नाही.